पाचबारी अडकते का? नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

दसरा झाला की पंधरवड्यात एखादा तरी फोन येतोच. "काका, बंदूक पहिला बार टाकते, दुसरा टाकत नाही."

यंदाचा फोन कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातला, जांबोटीच्या अलीकडच्या गावचा. आजोबांची बाराबोअर पाचबारी, म्हणजे दर बारानंतर पुढचं काडतूस आपणहून आत घेणारी सेमी-ऑटो छर्ऱ्याची बंदूक. परवाना आता नातवाच्या नावावर. त्याच्या घरी गेलो, त्याच्याच हातून बंदूक रिकामी करून घेतली आणि पुढचं लाकूड उतरवायला लावलं. आत मॅगझिनच्या, म्हणजे जादा काडतुसं राहतात त्या, नळीवर लालभडक थर. मला आधी गंज वाटला, बोट लावलं तर कुंकू. खंडेनवमीला घरच्यांनी मनोभावे हळद-कुंकू वाहिलं होतं आणि कुणीतरी चकाकी यावी म्हणून खोबरेल चोळलं होतं. दोन्ही मिळून असा राप बसला होता की नळीवरची स्प्रिंग हाताने दाबली तर परत यायला विचार करत होती. थंडीत बाटलीतलं खोबरेल गोठतं, हे घरातल्या लहान पोराला ठाऊक असतं. ते बंदुकीत गोठणार नाही काय?

"सेमी-ऑटो म्हणजे भरवसा नाही, दुनळी ती दुनळी" असं आमच्याकडं सर्रास म्हणतात. मी फौजेत बरीच वर्षं कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, काढली. तिथं आणि निवृत्तीनंतर जे बघितलं त्यावरून सांगतो, हे म्हणणं अर्धंच खरं आहे. दुनळी पुढच्या बारासाठी कुणावर अवलंबून नसते. पाचबारी मात्र पहिल्या बाराच्या जोरावरच दुसरं काडतूस आत घेते. म्हणजे काडतूस, तेल, साफसफाई आणि तुमचा खांदा, या चारही गोष्टी यंत्राचाच भाग होतात. यातली एक बिघडली की दोष बंदुकीच्या माथी.

हे लिहितोय ते दोन तऱ्हेच्या लोकांसाठी. एक, ज्यांच्याकडं वारसाने अशी बंदूक आली आहे. दुसरी आपली पोरं, जी नोकरीला कॅनडा-अमेरिकेत गेली आहेत, तिथं रीतसर शिकारीचा परवाना काढतात आणि व्हिडिओ कॉलवर "कुठली घेऊ?" म्हणून विचारतात.

बंदुकीआधी कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथं चुकलात तर पुढचं सगळं फुकट.

वारसाची बंदूक मूळ परवानाधारक गेल्यावर घरात तशीच ठेवता येत नाही. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करायची, पावती घ्यायची, मग आपल्या नावाने डीसी ऑफिसात (जिल्हाधिकारी कार्यालयात) अर्ज टाकायचा. "आजोबांचीच आहे की, कुठं पळून जाते?" हे कायद्याला चालत नाही. परवाना हातात आला की त्यावरचा बंदुकीचा प्रकार आणि नंबर नळीवरच्या-बॉडीवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. कागद कन्नडमध्ये असतो. वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याला जवळ बसवा, अंदाजाने सही करू नका. 2016 च्या शस्त्र नियमांत सेमी-ऑटो बंदूक साध्या दुनळीच्या वर्गात बसत नाही, तिचा वर्ग वेगळा आणि कडक आहे. म्हणून आपल्याकडच्या पाचबाऱ्या बहुतेक जुन्या, घराण्यात चालत आलेल्या. नवीन परवाना काढून राखणीसाठी बंदूक घ्यायची असेल तर या वाटेला जाऊच नका. दुनळी किंवा हाताने सरकवायची पंप-अॅक्शन बघा.

आता शिकार. आपल्या देशात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंद आहे. रात्रीत डुकरं रताळ्याचा अख्खा वाफा उकरून टाकतात, सकाळी बांधावर उभा राहिलेला माणूस काय बोलतो ते मी ऐकलंय. तरी बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे. पिकाची नासधूस करणाऱ्या जनावराबाबत कलम 11 खाली वनखात्याच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. गवा तर पहिल्या अनुसूचीत. तिथं पिकाचं कारण चालत नाही. माणसाच्या जिवाला धोका असेल तर, किंवा जनावर बरं न होण्याइतकं जखमी-आजारी असेल तर, मुख्य वन्यजीव संरक्षकच ठरवतात.

आणखी एक गोष्ट कणकुंबी-जांबोटी पट्ट्यातल्या लोकांना फारशी ठाऊक नसते. जवळचं भीमगडचं जंगल 2011 साली अभयारण्य झालं. अभयारण्यापासून 10 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने वनखात्याकडं नोंद करायची असते, आणि त्या टापूत नवा शस्त्रपरवाना मुख्य वन्यजीव संरक्षकांच्या संमतीशिवाय मिळत नाही. अभयारण्यात बंदूक घेऊन पाऊल टाकणं तर परवानगीशिवाय गुन्हाच. पाहुण्याच्या गावाला जाताना वाट आतून जाते का, हे आधी बघा.

दुरुस्तीचंही तसंच. घरमालकाने आपली बंदूक आपण पुसणं वेगळं. पार्ट बदलणं, कानस लावणं हा परवान्याचा धंदा आहे. मी कुणाची बंदूक घरी आणत नाही. त्याच्या घरी जातो, तो उघडतो, मी बोट दाखवतो.

तुमची कुठल्या जातीची?

बाहेरून सगळ्या पाचबाऱ्या सारख्या. आत तीन वेगळे धर्म आहेत, आणि प्रत्येकाचा रुसवा वेगळा.

पहिली, नळी मागं सरकणारी. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन माणसाने 1900 साली पेटंट घेतलेली रचना. बेल्जियमच्या एफएन कारखान्यात 1902 पासून निघाली, पुढं ऑटो-5 नावाने ओळखली गेली. मागच्या बाजूला चौकोनी कुबड असतं, एकदा बघितलं की विसरत नाही. बार झाला की नळी आणि बोल्ट (काडतुसाला मागून बंद करणारा ठोकळा) एकमेकांना धरून काडतुसाच्या लांबीपेक्षा जास्त मागं जातात. मग बोल्ट तिथंच थांबतो, नळी एकटी पुढं येते, रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि मग बोल्ट नवीन काडतूस घेऊन पुढं. ओळखायची खूण सोपी. बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करून नळीचं तोंड पाटावर टेकवा आणि वरून दाबा. नळी आत जाते.

दुसरी, गॅसवर चालणारी. नळीला खालून बारीक भोकं असतात. बाराचा थोडा धूर तिथून खाली येतो आणि पिस्टन ढकलतो. 1963 मध्ये आलेली रेमिंग्टन 1100 ही याच जातीची. हिचा धक्का खांद्याला मऊ लागतो. पण धूर आत घेते म्हणजे काजळीही आत घेते.

तिसरी, इनर्शियाची. इटलीतल्या उर्बिनोच्या बेनेलीने ती गाजवली. यात ना नळी सरकते ना गॅस लागतो. बोल्टच्या पोटात एक जाड आखूड स्प्रिंग असते. बार झाला की अख्खी बंदूक मागं येते, जड बोल्ट मात्र क्षणभर जागच्या जागी राहतो. एसटीने एकदम वेग घेतला की उभा माणूस मागं जातो ना, तोच प्रकार. त्यात स्प्रिंग दबते, उसळते आणि बोल्टला मागं फेकते. आत काजळी जवळजवळ नाही, त्यामुळं साफसफाई कमी. पण बंदुकीला मागं यायला मोकळीक हवी आणि मागून तुमचा खांदा भक्कम हवा. झाडाला टेकवून, भिंतीत रेटून मारलात किंवा पोरांनी हौसेने टॉर्च-बिर्च लावून वजन वाढवलं तर हलक्या काडतुसावर ती अडखळते.

मला विचाराल तर तिन्हींत सगळ्यात कमी कटकटीची तिसरी आणि सगळ्यात सुंदर पहिली. पण आजोबांनी ठेवलंय ते घ्यायचं, निवड कुणी विचारलीय?

काडतूस: निम्मा घोटाळा इथं

नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा म्हणजे चेंबर. नळीवर त्याच्याजवळ बारीक अक्षरात 12-65, 12-70 किंवा इंचात 2½, 2¾ असं कोरलेलं असतं. ती चेंबरची लांबी. 65 मिलिमीटर म्हणजे अडीच इंच, 70 म्हणजे पावणेतीन, 76 म्हणजे तीन. जुन्या विलायती बंदुकांत 65 चं चेंबर सापडतं, आणि घोळ असा की 70 चं न फोडलेलं काडतूस त्यात आरामात बसतं. कारण काडतुसाची लांबी मोजतात ती फुटून तोंड उघडल्यावरची. बार झाला की तोंड उघडायला जागा नाही, दाब वाढतो, शिवाय पाचबारीत पुंगळी बाहेर पडताना दारात अडकते. आकडा पुसला गेला असेल तर विक्रेत्याकडून चेंबर मोजून घ्या. अंदाज नको.

आपल्याकडं खडकीच्या कारखान्याची शक्तिमान काडतुसं सगळ्यात ओळखीची. काडतूस कुठलंही असो, एकाच प्रकारच्या डब्या घ्या आणि त्यावरच बंदुकीचा स्वभाव तपासा. पाच काडतुसं पाच तऱ्हेची भरून मग "भरवसा नाही" म्हणणं म्हणजे एकाच भांड्यात बासमती आणि उकडा तांदूळ शिजवण्यासारखं.

डबीतून काढलेलं प्रत्येक काडतूस हातात फिरवून बघा. पितळेवर हिरवट डाग आहे? बाजूला. तोंडाची घडी सुटलीय? बाजूला. दमट हवेने फुगलंय असं वाटतं? रिकाम्या बंदुकीची नळी उतरवून चेंबरमध्ये ते अलगद सोडून बघा. आपल्या वजनाने आत जावं आणि आपल्या वजनाने बाहेर पडावं. दाबावं लागलं तर ते पाचबारीसाठी बाद. आणि चामड्याच्या पट्ट्यात काडतुसं वर्षभर ठेवायची सवय मोडा. पट्टा रुबाबदार दिसतो, पण चामड्यातल्या कमावणीच्या रसायनाने पितळ हिरवं पडतं. एका सुभेदारसाहेबांच्या पट्ट्यातली काडतुसं मी पक्कड लावून काढलेली बघितली आहेत, आणि पक्कड लावणं हा त्याहून मोठा वेडेपणा.

घरात 12 बोअर आणि 20 बोअर दोन्ही असतील तर काडतुसं वेगळ्या कपाटात. 20 चं काडतूस 12 च्या चेंबरमधून घसरून पुढं नळीत अडकतं, दिसत नाही. मागून 12 चं भरलं की नळी फुटते, हात जातो. म्हणूनच 20 चं काडतूस पिवळं करायची रीत जगभर आहे.

उघडणं आणि पुसणं

बाज किंवा चटई टाका, वर पांढरं धोतर. पांढरंच, म्हणजे बारीक स्प्रिंग पडली तर दिसते. पोरांना आणि कुत्र्याला बाहेर काढा. काडतुसं दुसऱ्या खोलीत.

आता बंदूक रिकामी करा. मॅगझिनमधली काढली म्हणजे झालं असं नव्हे. एक चेंबरमध्ये असतं, आणि काही बंदुकांत एक लिफ्टरवर (काडतूस वर उचलणाऱ्या पट्टीवर) चोरून बसलेलं असतं. बोल्ट मागं ओढून अडकवा, चेंबरमध्ये करंगळी घाला, मॅगझिनच्या तोंडात अंगठा घाला. डोळ्यांनी बघितलं तरी बोट घाला. रात्री कंदिलात बघायची सवय असलेल्या माणसाने मला हे शिकवलं, आणि कोतमध्येही तोच नियम होता.

पुढची टोपी फिरवून काढा, पुढचं लाकूड सरकवा, नळी उतरवा. प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढा. तुम्ही हसाल, पण जोडताना पाया पडाल.

नळी उजेडाकडं धरून आरपार बघा. भिंतीवर टांगलेल्या बंदुकीत कुंभारमाशी मातीचं घर करते, आमच्याकडं हे नेहमीचं. तांबडी माती, सुकली की विटेसारखी घट्ट. असल्या नळीतून बार टाकला तर नळी केळीच्या सालीसारखी उलटते. नळी उतरवता येत नसेल तर उघड्या बोल्टसमोर चेंबरपाशी पांढऱ्या कागदाचा तुकडा धरा. त्यावरून उजेड परावर्तित होतो आणि तोंडाकडून नळी उजळ दिसते.

गजाला पितळी ब्रश लावून, सॉल्व्हंट किंवा स्वच्छ रॉकेल घेऊन, चेंबरच्या बाजूने ढकला. मग चिंधी. फौजेत चार इंच बाय दोन इंचाची चिंधी असते. घरी जुनी सुती साडी उत्तम. चिंधी कोरी येईपर्यंत. चेंबरला जास्त वेळ द्या. नळी चकाकते म्हणून माणूस खूश होतो आणि पुंगळी अडकते ती मात्र चेंबरमध्ये, जुन्या प्लास्टिकच्या आणि मेणाच्या थराला.

इथून पुढं जातीप्रमाणे.

नळी सरकणारी असेल तर मॅगझिनच्या नळीवर मोठी स्प्रिंग, पितळी घर्षण-कडं आणि एक पोलादी कडी दिसेल. ही कडी म्हणजे त्या बंदुकीचं ब्रेक. जोरकस काडतुसं मारायची असतील तर कडी स्प्रिंगच्या पुढच्या टोकाला, उतरती बाजू पितळी कड्याकडं करून बसते. पितळी कडं तिच्यात घुसतं, मॅगझिनच्या नळीला आवळतं आणि धक्का आवरला जातो. हलक्या काडतुसांसाठी कडी काढून स्प्रिंगच्या मागच्या टोकाला, बॉडीला टेकवून ठेवतात, म्हणजे ब्रेक सैल. आता गंमत बघा. जोरकस मांडणीत हलकं काडतूस मारलं तर नळी पुरती मागं जात नाही, बंदूक अडकते, आणि माणूस म्हणतो म्हातारी झाली. उलट, हलक्या मांडणीत जोरकस काडतुसं मारली तर अडकत नाही, सुरेख चालते, आणि चारदोन डब्यांत पुढच्या लाकडाला तडा जातो. जुनी ऑटो-5 बघायला गेलात तर आधी पुढच्या लाकडाच्या आतल्या भिंतीवर नख फिरवा. तडा तिथून सुरू होतो.

मॅगझिनच्या त्या नळीवर तेल किती? चिंधीला दोन थेंब लावून पुसायचं, मग कोरी चिंधी एकदा. बोट फिरवलं तर ओलं लागू नये, सुळसुळीत लागावं. तेल जास्त झालं तर ब्रेक धरत नाही. अजिबात नसलं तर नको इतका धरतो. जांबोटीच्या त्या पोराची बंदूक रॉकेलने राप काढून, शिलाई मशीनचं तेल असं दोन थेंब लावून, कडी त्याच्या काडतुसाप्रमाणे बसवून जोडली. स्प्रिंग दाबली, टणकन परत आली. त्याची आजी आतून म्हणाली, "अगं बाई, हिचा आवाज असाच असायचा की." मला वाटतं दुरुस्तीचं सर्टिफिकेट याहून मोठं नसतं.

गॅसची असेल तर पिस्टन आणि तो ज्यावर सरकतो ती नळी काजळीने काळी झालेली असेल. जुना टूथब्रश, सॉल्व्हंट, आणि भिजत ठेवायचा धीर. सुरी नको, पॉलिश पेपर नको. गॅसची भोकं मऊ तांब्याच्या तारेने मोकळी करा, मोठी करू नका. रेमिंग्टन 1100 सारख्या बंदुकीत मॅगझिनवर रबराची एक बारीक ओ-रिंग असते. ती तुटली की गॅस गळतो आणि बंदूक एकेरी होते. किंमत किरकोळ, पण नेमकी नको त्या दिवशी तुटते. एक जादा ओ-रिंग डबीत ठेवा. गॅसच्या भागांवर तेल थापू नका. गरम तेल आणि काजळी मिळून डांबर होतं.

इनर्शियाची असेल तर बोल्ट पुसा, त्याचं फिरणारं डोकं मोकळं फिरतं का बघा, एक थेंब तेल, झालं.

एक जागा तिन्हींत विसरली जाते, ती म्हणजे दस्त्याच्या आतली. बऱ्याच पाचबाऱ्यांत बोल्ट परत आणणारी स्प्रिंग दस्त्याच्या पोटात एका नळीत असते. ऑटो-5 मध्ये, 1100 मध्ये, बेनेलीच्या एम-2 मध्येही. पावसात भिजलेल्या बंदुकीतलं पाणी तिथं उतरतं आणि वर्षानुवर्षं बसून राहतं. बोल्ट शेवटच्या बोटभर अंतरात रेंगाळत असेल तर आधी तिथंच संशय घ्या, आणि ते काम परवानाधारक कारागिराकडून करून घ्या. दस्त्याचा मागचा स्क्रू फार घट्ट असतो. जोर लावून लाकूड फोडलेले लोक मला माहीत आहेत, त्यातला एक मीच.

पुसून झाली की पहिली रात्र तोंड खाली करून ठेवा. तेल उताराने नळीकडं येतं, नाहीतर दस्त्यात मुरून लाकूड मऊ होतं.

रेंजवर तपासणी

घरात खऱ्या काडतुसांनी "भरून बघू" कधीच नाही. त्यासाठी नकली काडतुसं मिळतात. त्यांनी भरा, बोल्ट ओढा, बाहेर पडतात का बघा. बोल्ट हाताने हळूच पुढं नेऊ नका. ओढा आणि सोडून द्या. इनर्शियाच्या बंदुकीत हळू सोडलेला बोल्ट पुरता कुलूप होत नाही आणि चाप ओढल्यावर नुसतंच "टिक" होतं.

मग परवानगी असलेली रेंज. कानात बोळे, डोळ्याला चष्मा. पहिल्यांदा एकच काडतूस. पुंगळी कुठं पडते बघा. चांगली पाच-सहा पावलं दूर पडली तर जोर पुरतो. पायाशी पडली तर काडतूस हलकं, कडी चुकीची, काजळी किंवा तुमचा खांदा ढिला. मग दोन, मग तीन. निदान दोन डब्या एकाही अडथळ्याशिवाय गेल्या की मी त्या बंदुकीला त्या काडतुसावर भरवशाची म्हणतो. काडतूस बदललं की परीक्षा पुन्हा पहिल्यापासून.

खांद्याचं सांगतो. नवखा माणूस धक्क्याला भिऊन बार होताना मागं झुकतो. बंदूक आणि माणूस दोघेही मागं गेले की यंत्राला लागणारा जोर हवेत जातो. डावा पाय पुढं, वजन पुढच्या पायावर, दस्ता खांद्याच्या खळग्यात, गाल लाकडावर. माझ्यासमोर एकाची बंदूक सलग चार वेळा अडकली. तीच बंदूक, त्याच डबीतली काडतुसं, त्याच्या शेजाऱ्याने मारली तर घड्याळासारखी चालली. शेजारी पहिलवान होता एवढाच फरक.

अडकली की तोंड समोर, बोट चापाबाहेर, मग बाकीचं. "टिक" झालं आणि बार झाला नाही तर तोंड समोर ठेवून अर्धा मिनिट मोजा, मग उघडा. उशिरा पेटणारं काडतूस असू शकतं. आणि बार नेहमीसारखा न होता "फुस्स" झाला तर तिथंच थांबा. काडतुसातली छर्ऱ्यांमागची टिकली नळीत अडकलेली असू शकते. बंदूक रिकामी करा, नळी उतरवा, आरपार उजेड दिसल्याशिवाय पुढचं काडतूस भरू नका. पुंगळी दारात उभी अडकली तर बोल्ट ओढून झटका द्या. तिची कड फाटली असेल तर चेंबर घाण आहे किंवा काडतूस फुगलेलं, बोल्टला शिव्या देऊ नका.

बाहेरदेशी गेलेल्या पोरांना

थोडक्यात. कॅनडात आधी शस्त्रसुरक्षेचा कोर्स, मग पीएएल म्हणजे बंदूक बाळगायचा परवाना, मग शिकारीचा वेगळा. ऑस्ट्रेलियात 1996 पासून सेमी-ऑटोवर फार कडक बंधनं आहेत, तिथं दुनळीचाच विचार करा. अमेरिका आणि कॅनडा दोन्हीकडं स्थलांतरित पक्ष्यांसाठी बंदुकीत एका वेळी तीनपेक्षा जास्त काडतुसं चालत नाहीत. मॅगझिनमध्ये लाकडी-प्लास्टिकची दांडी घालतात, ती आहे का हे स्वतः मोजून बघा. पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे बंद आहेत, पोलादी वापरतात, आणि तसले छर्रे जुन्या बेल्जियन आवळ चोकच्या (तोंडाशी अरुंद होणाऱ्या) नळीतून मारायचे नाहीत. तिथल्या थंडीत तेल घट्ट होतं. एकाने मला नोव्हेंबरात बदकांच्या दलदलीतून फोन केला, बोल्ट सायीसारखा सरकतोय म्हणून. ग्रीस लावलं होतं बहाद्दराने. सगळं पुसून जवळजवळ कोरडी करायला लावली, दुपारी मेसेज आला, चालली. तिथं पहिली बंदूक घेणाऱ्याने नव्यातली साधी, 76 चेंबरची, गॅसची किंवा इनर्शियाची कुठलीही नावाजलेली घ्यावी. रंगीत जाहिरातीत चार हजार बार न पुसता मारल्याचं दाखवतात, ते बघून पुसायचं मात्र सोडू नये.

आपला पावसाळा आणि निवडणूक

कणकुंबीकडं पाऊस लागला की चार महिने भिंतीला ओल, कपाटातल्या कपड्यांना बुरशी. बंदूक कापडी खोळीत ठेवायची नाही. खोळ ओल धरते आणि खोळीच्या शिवणीच्या नक्षीसकट गंज उठतो. लोखंडी कुलपाच्या कपाटात, भिंतीपासून सुटी, आत सिलिका जेलची पुडी, आणि दर पंधरा दिवसांनी एक तेलकट चिंधी. घामट हाताने धरली तर लगेच पुसा. काहींच्या घामाला लोखंड दोन दिवसांत तांबूस पडतं, माझ्या धाकट्या भावाचा तसाच आहे, त्याला आम्ही बंदुकीला हातच लावू देत नाही. खंडेनवमीला पूजा जरूर करा. हळद-कुंकू समोर ठेवलेल्या नारळाला वाहा, बंदुकीला फूल पुरे, आणि तेही संध्याकाळी काढा.

निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करायचा हुकूम निघतो. दोन-दोन महिने ती तिथं इतरांच्या बंदुकांबरोबर उभी असते, पुसणारं कुणी नाही. द्यायच्या आदल्या दिवशी नेहमीपेक्षा जाड तेल लावा, नळीच्या तोंडाला कागद गुंडाळा, आणि त्यावर "आत तेल आहे, पुसल्याशिवाय वापरू नये" अशी चिठ्ठी बांधा. ती चिठ्ठी तुमच्याचसाठी, कारण परत आणल्यावर आपणच विसरतो. पावतीवर नंबर तिथंच उभं राहून वाचा. माझ्या पावतीवर एकदा 3 चा 8 झाला, तो निस्तरायला तीन फेऱ्या पडल्या, आणि बंदूक घरी आली तेव्हा पहिला पाऊस लागला होता.